राखायला दिलेलं मूल

प्रिय बेबी,



फॉस्टर केअरमध्ये काही काळासाठी घरी आणलेल्या मुलासाठी रोज गुडघे टेकते, तरी त्याचं उशीखाली चपात्या लपवणं थांबत नाही, खोटं बोलणं थांबत नाही, जन्मदात्या आईला भेटून आला की दोन दिवस घर डोक्यावर घेतो, असं तू लिहिलंस. आणि शेवटी विचारलंस, माझाच विश्वास कुठे उणा पडतो का? या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, बाकीचं मागाहून. नाही, उणा पडत नाही. पण तू विश्वासावर जे ओझं टाकलं आहेस ते त्याचं नव्हे. आपण भरपूर प्रार्थना केली, भरपूर माया केली, की मूल सुधारलंच पाहिजे, असा एक हिशेब आपल्या मंडळ्यांमध्ये नकळत रुजला आहे. त्या हिशेबानं चालशील तर वर्षभरातच मोडून पडशील. मला दिसतं ते असं: फॉस्टर केअरमध्ये ख्रिस्ती माणसाचा विश्वास उभा राहू शकतो तो एकाच गोष्टीवर, की हे मूल तुझं नाही. ते देवाचं आहे आणि तुझ्याकडे राखायला दिलं आहे. ऐकायला हे कोरडं वाटेल. पण तुझ्या पत्रातल्या प्रत्येक अडचणीला हे लावून पाहा.

आधी मुलाच्या वागण्याचं घे. त्यासाठी एक अभ्यास ऐक. रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीनंतर हजारो मुलं सरकारी अनाथालयांत सापडली. 2000 साली बुखारेस्टमध्ये अमेरिकन संशोधकांनी तिथल्या 136 लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं प्रशिक्षित पालक-कुटुंबांत गेली आणि निम्मी संस्थांतल्या नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि माणसांशी जुळवून घेण्याची ताकद स्पष्टपणे वाढली, आणि दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळालं त्यांची सर्वांत जास्त. म्हणजे घर काम करतं, हे पक्कं. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की लक्ष न लागणं, अतिचंचलपणा यांसारखे काही त्रास चांगलं घर मिळूनही फारसे हटले नाहीत. तुझ्याकडचा मुलगा सात वर्षांचा होऊन आला. भूक काय असते हे त्याच्या शरीराला तुझ्या स्वयंपाकघराची ओळख व्हायच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. तो चपाती लपवतो तेव्हा तुझ्यावर अविश्वास दाखवत नाही. उद्या जेवण मिळेलच असं त्याला अजून पटलेलं नसतं, एवढाच त्याचा अर्थ. ती सवय जायला वर्षं लागतील, कदाचित थोडी उरेलही. यातून तुझ्या विश्वासाची पातळी मोजायला जाणं म्हणजे त्याच्या जखमेवर स्वतःचं नाव लिहिणं आहे.

मग प्रार्थनेचा उपयोग काय, असं तू म्हणशील. निकाल बदलणार नसेल तर गुडघे कशाला टेकायचे? निकाल कधीच बदलत नाही असं मी म्हणत नाही. देवाच्या हाताला मर्यादा घालणारा मी कोण? पण शास्त्रात प्रार्थनेला निकालाशी बांधून ठेवलेलं नाही, हे आपण विसरतो. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं किती आहेत ते एकदा सवडीनं पाहा. बहुतेकांच्या शेवटी आशेकडे वळण आहे, पण 88वं स्तोत्र वळत नाही; ते अंधारातच संपतं. आणि तरीही ते इस्राएलाच्या उपासनेच्या पुस्तकात आहे, तिथून कुणी काढून टाकलं नाही. याचा अर्थ तुझी चिडचिड, तुझा थकवा, ‘प्रभू, हा मुलगा मला आज आवडत नाही’ हे वाक्य, सगळं देवापुढे ठेवता येतं. धन्यवादाची प्रार्थना म्हणताना ओठ खोटे पडत असतील तर तक्रारीची म्हण. तीसुद्धा विश्वासाचीच आहे, कारण कुणी ऐकणारा आहे असं धरूनच माणूस तक्रार करतो. गेथशेमानेत प्रभूनं प्याला टळावा म्हणून मागितलं आणि तो टळला नाही. पित्याचं ऐकणं आणि आपलं मागणं मान्य होणं या दोन गोष्टी तिथेच वेगळ्या झाल्या.

आता मुलाच्या आईचं. तुझ्या पत्रात तिच्याबद्दलचा राग स्पष्ट दिसतो आणि तो मी समजू शकतो. भेटीनंतरचे दोन दिवस तू सोसतेस, ती नाही. पण कायदा काय म्हणतो ते तुम्हाला प्रशिक्षणात सांगितलंच असेल. 2015च्या बाल न्याय अधिनियमातलं 44वं कलम जन्मदात्यांना ठरावीक काळानं भेटीची मुभा देतं, भेट मुलाच्या हिताची नाही असं बाल कल्याण समितीला वाटलं तरच ती थांबते; आणि आईबाप सांभाळायला योग्य ठरले तर मूल परत जाऊ शकतं. दत्तक आणि फॉस्टर केअर यांत हाच फरक आहे. 2024च्या नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दोन वर्षं मूल कुटुंबात नीट रुळलं आणि ते दत्तकासाठी मोकळं असलं तर दत्तकाचा रस्ता खुला होतो, हे मलाही ठाऊक आहे. पण त्या शक्यतेवर डोळा ठेवून त्याच्या आईकडे पाहू नकोस, कारण मग तिचं सावरणं तुला तुझं नुकसान वाटू लागेल. त्या दारात पाऊल टाकू नकोस, बेबी.

निर्गमाचा दुसरा अध्याय मला या बाबतीत फार बोलका वाटतो. मोशेची आई त्याला तीन महिने लपवते, मग लव्हाळ्याच्या पेटीला डांबर लावून त्यात त्याला नदीकाठी ठेवते. फारोची मुलगी त्याला उचलते आणि त्याच आईला मजुरी देऊन दूध पाजायला सांगते. मूल मोठं झाल्यावर आई त्याला राजकन्येकडे नेऊन देते. दोन बायका, एक मूल, आणि कुणाच्याही वाट्याला ते पूर्ण नाही. एकीकडे जन्म, दुसरीकडे नाव; मधली वर्षं वाटून घेतलेली. शास्त्रानं या दोघींपैकी कुणालाही खलनायिका केलं नाही. देवाला आपला माणूस वाचवायचा होता आणि त्यासाठी त्यानं एक गुलाम घर आणि एक राजघराणं असं दोन्ही वापरलं. तुझ्याकडच्या मुलाची आई त्या कथेत कुठे बसते आणि तू कुठे बसतेस, हे आपल्याला आज ठरवायचं नाही.

इथे समंजस माणसं एक आक्षेप घेतात. जे परत द्यायचंच आहे त्यात जीव किती गुंतवायचा? थोडं अंतर ठेवावं, म्हणजे दोघांनाही नंतर त्रास कमी. हा सल्ला प्रेमळ वाटतो पण तो मुलाच्या मुळावर येतो. बुखारेस्टच्या संस्थांमध्येही मुलांना खायला-ल्यायला मिळत होतं. मिळत नव्हतं ते एक ठरलेलं माणूस, जे मुलाला त्याच्या नावानं ओळखतं आणि उद्याही तेच येतं. तू अर्ध्या मनानं सांभाळलंस तर तुझ्या घराची छोटी संस्था होईल. त्याला पूर्ण लळा लागू दे. निरोपाच्या वेळी जे दुःख होईल ते तुझं, मोठ्या माणसाचं. ते पेलायला तुला देव आहे, मंडळी आहे, नवरा आहे. त्या दुःखापासून वाचण्यासाठी त्याला थोडं कमी प्रेम देणं म्हणजे तुझा भार त्या पोराच्या डोक्यावर ठेवणं. पूर्ण प्रेम करायचं आणि मुठीत धरायचं नाही, हे माणसाच्या स्वभावात नाही, हे मी मान्य करतो. म्हणूनच इथे विश्वास लागतो. मूल शेवटी ज्याचं आहे त्याच्या हातून ते कुठेही गेलं तरी सुटत नाही, असं मनापासून वाटल्याशिवाय हात उघडत नाही.

आणि आता जे लिहिताना मला जपून लिहावं लागतं आहे ते. मुलगा हिंदू घरातला आहे. मंडळीतल्या काही जणांना वाटत असेल की देवानं त्याला ख्रिस्ती करण्यासाठीच तुझ्याकडे पाठवलं. आपल्याच इतिहासात याचा एक धडा आहे. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन ही मुलींची निवासी शाळा काढली, पुढे ती पुण्याला आली. संस्थेच्या सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर होते. बाईंच्या खासगी प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या, 1893 साली वाद पेटला, सल्लागारांनी राजीनामे दिले आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंचं म्हणणं होतं की सक्ती कुणावरच नव्हती. मी ते खरं मानतो, आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात किती आदर आहे हे तुला ठाऊक आहे. तरीही ज्यांनी आपल्या लेकीबाळी विश्वासानं सोपवल्या होत्या त्यांना तो विश्वास मोडल्यासारखं वाटलं, हेही तितकंच खरं. तुझ्याकडचं मूल तर सात वर्षांचं. तुझ्या ताटातलं खाणाऱ्या पोराच्या ‘हो’ला संमती म्हणता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात भारत 1992 साली सामील झाला. त्याचं 20वं कलम सांगतं की कुटुंबाबाहेर वाढणाऱ्या मुलाच्या धर्माचं, भाषेचं, संस्कृतीचं सातत्य ध्यानात घ्यावं. कायद्याच्या भीतीनं हे पाळू नकोस. ते न्याय्य आहे म्हणून पाळ. तुमची रात्रीची कौटुंबिक प्रार्थना चालू राहू दे, ती लपवायची गरज नाही, पण त्याला तिथे बसायची सक्ती नको आणि न बसल्याबद्दल नाराजीही नको. गणपतीत त्याला आजोळची आठवण आली तर येऊ दे. त्याच्या आत्म्याची मालकीही तुझ्याकडे दिलेली नाही. कृतज्ञतेची अपेक्षाही याच खात्यात टाक: आम्ही तुला घरी आणलं, हे वाक्य तुझ्या घरात कधीही ऐकू येऊ नये.

देवावर सोडायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं, असा अर्थ कुणी काढत असेल तर त्यानं एस्तेरचं पुस्तक उघडावं. मर्दखयानं आईबाप नसलेल्या आपल्या चुलतबहिणीला, एस्तेरला, मुलीसारखं वाढवलं. तिला राजवाड्यात नेल्यावर ती त्याच्या हाताबाहेर गेली, पण तो रोज अंतःपुराच्या चौकासमोर येरझाऱ्या घालून तिची खबर घेत राहिला. त्या पुस्तकाच्या मूळ हिब्रू पाठात देवाचं नाव एकदाही येत नाही, येरझाऱ्या मात्र आहेत. तुझ्या येरझाऱ्या म्हणजे जिल्हा बाल संरक्षण कक्षात फोन करणं, समितीच्या दरमहाच्या पाहणीत घर गोड दाखवण्याऐवजी खरी अडचण सांगणं, त्याला बालमानसतज्ज्ञाकडे नेणं. समुपदेशकाकडे जाणं हा विश्वासाचा अभाव आहे असं कुणी म्हणालं तर त्यांना विचार, तापाला डॉक्टर लागतो तेव्हा ते काय करतात. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून मिळणारे महिना 4000 रुपये घ्यायलाही संकोचू नकोस. ते पैसे मुलाचे आहेत.

मंडळीकडूनही नुसतं ‘आम्ही प्रार्थना करतो’ एवढ्यावर समाधान मानू नकोस. महिला मंडळातल्या बायकांना सांग की शनिवारी दुपारी कुणीतरी घरी येऊन बसा, म्हणजे तुम्हा दोघांना चार तास झोपता येईल किंवा बाहेर पडता येईल. पाळकसाहेबांना स्पष्ट सांग की उपासनेत या मुलाचा उल्लेख साक्षीसाठी करू नये, त्याचं नाव घेऊ नये, फोटो लावू नये. पुढच्या भेटीच्या दिवशी त्याच्या आईला त्याची शाळेची वही दाखव, त्यानं काय खाल्लं, काय शिकला ते तिला तुझ्या तोंडून कळू दे. आणि त्या रात्री तो भांडी आपटायला लागला की समजावणं वगैरे नको. त्याच्या जवळ बस, आणि दुसऱ्या दिवशीच्या चपात्यांपैकी दोन एका डब्यात घालून डबा त्याच्याच हातात दे, उशीजवळ ठेवायला.

तुझा,
मामा