इंजिनातील तेलगळतीचे निदान : आधी उगम, मग दुरुस्ती

बेंगळुरूच्या उत्तर भागातील हेब्बाळ येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो आहे. कीड अचूक ओळखल्याशिवाय उपाय योजू नये, हे तेथील कामाचे मूलतत्त्व वाहनालाही लागू पडते. पुण्याहून हेब्बाळपर्यंतचा प्रवास सुमारे ८५० किलोमीटरचा आहे. मुक्कामी पोहोचलेल्या मोटारीखाली सकाळी काळा डाग आढळला, तर त्याच वाहनाने परतावे की नाही, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर अंदाजाने न देता पुढील क्रमाने शोधावे.

डाग कशाचा आहे?

वाहनाखाली रात्रभर पांढरा पुठ्ठा अंथरावा आणि त्यावर पुढील चाकांच्या जागा खुणेने दाखवाव्यात. रंगहीन, गंधहीन पाणी बहुधा वातानुकूलन यंत्राचे असते. ते निर्धोक होय. हिरवट किंवा गुलाबी द्रव शीतकाचा असू शकतो. चाकाच्या आतील बाजूस ओल दिसल्यास ब्रेक ऑइलची शंका घ्यावी व वाहन चालवू नये. इंजिनाखालील तपकिरी अथवा काळा, बुळबुळीत डाग इंजिन ऑइलचा समजावा.

पातळी किती उरली?

वाहन सपाट जागी उभे करून इंजिन बंद केल्यानंतर पाच ते दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवावी. पातळी किमान खुणेच्या खाली असल्यास उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचे तेल थोडे थोडे घालावे. चालत्या इंजिनावर तेलदाबाचा लाल दिवा लागल्यास इंजिन तत्काळ बंद करावे; त्या अवस्थेत थोडे अंतर कापले तरी बेअरिंग जळू शकतात. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले असावे. डिझेल इंजिनात पातळी आपोआप वाढल्यास तेलात डिझेल उतरत असल्याची शक्यता असते. या दोन्ही स्थितींत इंजिन चालू करू नये.

उगम कोठे आहे?

तेल खाली टपकते. परंतु त्याचा उगम बहुधा वर असतो. धावत्या वाहनात वाऱ्यामुळे ते मागेही पसरते. म्हणून सर्वांत खालचा ओला भाग हाच दोषी, असे मानू नये. थंड इंजिन ब्रश व डिग्रीझरने स्वच्छ करून कोरडे करावे; अल्टरनेटर आणि विद्युत जोडण्यांवर पाणी मारू नये. त्यानंतर इंजिन पंधरा ते वीस मिनिटे चालवून बंद करावे आणि वरून खाली, पुढून मागे या क्रमाने टॉर्चने पाहावे: तेल भरण्याचे झाकण, टॅपेट कव्हरचे पॅकिंग, तेलदाबाचा स्विच, ऑइल फिल्टर, क्रँकचे पुढील सील, चेंबरचे पॅकिंग, ड्रेन प्लग आणि शेवटी क्रँकचे मागील सील. गळती सूक्ष्म असल्यास संशयित भागावर टाल्कम पावडर भुरभुरावी. तेलाची वाट त्यावर उमटते. नुकतेच तेल बदलले असल्यास प्रथम फिल्टर व ड्रेन प्लग तपासावेत.

सील बदलण्यापूर्वी ब्रीदर तपासावा

इंजिनातील वायू बाहेर नेणारा ब्रीदर काजळीने तुंबला, तर आतील दाब वाढतो आणि निरोगी सीलमधूनही तेल बाहेर पडते. एकाच वेळी अनेक ठिकाणी ओल आढळल्यास हीच शंका प्रथम घ्यावी. मंद गतीवर तेलाचे झाकण सैल केल्यास थोडी वाफ येणे स्वाभाविक आहे. जोराचा झोत ब्रीदर तुंबल्याचे किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्याचे सुचवितो. मागील सीलसाठी मोटारीचा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तर ट्रॅक्टर मधोमध विलग करावा लागतो. ब्रीदर तसाच ठेवून एवढा खर्च केला, तर नवे सीलही गळू लागते. पेरणीच्या हंगामात अशी चूक अधिकच महाग पडते.

तेल घटते, परंतु बाहेर कोठेही ओल नाही आणि धूर निळसर येतो, तर ते इंजिनात जळत असते. किती किलोमीटरनंतर किती तेल घालावे लागले, याची नोंद कारागिरास फार उपयोगी पडते.

दक्षता

तप्त एक्झॉस्टवर तेल पडत असल्यास आगीचा धोका असतो. असे वाहन चालवू नये. केवळ जॅकच्या आधारावर वाहनाखाली शिरू नये. पदर, उपरणे व सैल बाह्या पंख्यापासून दूर ठेवाव्यात.

टाकाऊ तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या कक्षेत येते. ते बांधावर किंवा गटारात ओतू नये. बंद डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावे. रस्त्यावर सांडलेले तेल पावसाबरोबर हेब्बाळच्या तलावात जाऊ शकते, तसेच ते गावच्या विहिरीतही उतरू शकते.

सारांश, डाग हे लक्षण आहे, रोग नव्हे. ओळख, पातळी, स्वच्छता, उगम व ब्रीदर या पाच पायऱ्या पूर्ण झाल्यावरच दुरुस्तीचा निर्णय घ्यावा. विस्तार कार्यकर्त्यांनी हा क्रम हंगामापूर्वीच्या ट्रॅक्टर तपासणी शिबिरांत प्रात्यक्षिकासह दाखवावा.