वालूरच्या शिवारातील गहू

वालूर हे परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील जुने गाव. या भागातील काळी जमीन ओल धरून ठेवते. पूर्वी मराठवाड्यात बन्सी गहू अशा ओलीवरच पिके. उत्पन्न थोडे, पण खर्चही थोडाच.

आजचे सुधारित वाण अधिक पिकतात. मात्र त्यांना पाणी हवे. पेरणीनंतर सुमारे २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. त्या वेळी पाणी चुकले, तर फुटवे कमी येतात आणि ती तूट पुढे भरून निघत नाही.

दुसरी अडचण थंडीची. पंजाबात हिवाळा लांबतो, येथे तो लवकर सरतो. म्हणून पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी लागते. उशीर झाला, की दाणा भरण्याच्या ऐन वेळी ऊन तापते आणि दाणा बारीक राहतो.

आता हिशेब पाहू. २०२५-२६ च्या विक्री हंगामासाठी सरकारने गव्हाचा आधारभूत भाव क्विंटलला २,४२५ रुपये ठरविला, हरभऱ्याचा ५,६५०. गहू एकरी अधिक उतरतो हे खरे. परंतु त्याला पाण्याच्या चार-पाच पाळ्या लागतात, हरभऱ्याचे एक-दोन पाळ्यांत भागते. विहिरीत तीनच पाळ्यांचे पाणी असेल, तर काय पेरावे? जाणता शेतकरी बहुधा हरभरा पेरतो, आणि घरच्या पोळीपुरता एक तुकडा गव्हाला राखतो.