धक्का जातो कुठे? (विज्ञान : क्रिया आणि प्रतिक्रिया)



परमवीर अब्दुल हमीद यांची गोष्ट आपण सगळेच सांगतो. १० सप्टेंबर १९६५, पंजाबातलं खेमकरण, जीपवरची तोफ आणि फुटलेले पॅटन रणगाडे. टाळ्या वाजतात, पाठ संपतो. यंदा धाडच्या आमच्या वर्गात एकाने विचारलं, "सर, येवढी तोफ उडाली तं जीप उलटी नाही झाली का?" म्हणून हा पाठ.

आधी समजून घेऊ

गोळा जितक्या जोराने पुढे जातो, तितकाच धक्का तोफेला मागे बसतो. हा न्यूटनचा तिसरा नियम. चिलखत फोडायला जोर हवा, म्हणून तोफ जड होते. दुसऱ्या महायुद्धात हंगेरीच्या सैन्याकडे ३७ आणि ४० मिलिमीटरच्या हलक्या तोफा होत्या. न्यायला सोप्या, पण रशियाच्या टी-३४ रणगाड्यापुढे तोकड्या पडल्या.

हमीद यांची १०६ मिलिमीटरची तोफ 'रिकॉइललेस' होती. तिच्यात बारुदाचा बराच वायू मागच्या छिद्रांतून बाहेर सुटतो. पुढचा-मागचा जोर सारखा होतो, धक्का उरत नाही. म्हणून सुमारे २०० किलोची तोफ जीपवर बसते. चिलखत भेदायचं काम वेगापेक्षा गोळ्यातल्या खास आकाराच्या स्फोटकाचं असतं.

कृती

बेअरिंगच्या गाडीवर एका मुलाला बसवा. वाळूची पिशवी पुढे फेकायला सांगा. गाडी मागे सरकते. आता सारख्या वजनाच्या दोन पिशव्या घ्या. एक पुढे, एक मागे, एकाच वेळी. गाडी जवळजवळ जागीच राहते. पुढे-मागे कोणी उभं राहू देऊ नका.

आमच्याकडे एक जण तरी मागे उभा राहिलाच. "सर, मागच्याले लागते न!"

बरोबर. धक्का नाहीसा होत नाही, मागे जातो. खऱ्या तोफेमागे आग आणि धूळ उडते. लगेच दुसरा म्हणाला, "मग दुश्मनाले दिसत असन!"

दिसतं. म्हणून गोळा डागला की जीप हलवावी लागते. हमीद जागा बदलत लढले, शेवटी रणगाड्यांच्या माऱ्यात शहीद झाले. ज्या मुलीचा भाऊ फौजेत आहे, ती एवढा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे त्यांना हे माहीत होतं." त्या दिवशी टाळ्या वाजल्या नाहीत. पण गोष्ट पहिल्यांदाच कळली, असं मला वाटलं.

स्वाध्याय

१. फुगा सोडल्यावर तो कोणत्या दिशेला पळतो? का?
२. रिकॉइललेस तोफेचा एक फायदा आणि एक धोका लिहा.
३. घरी किंवा गावात फौजेतलं कोणी असेल, तर त्यांना एक प्रश्न विचारून या.

पालकहो, तिसरा प्रश्न मुलांसोबत बसून सोडवा.