‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’: व्यसनावर पटकथा लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास



‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ हा ऑटो प्रेमिंजर दिग्दर्शित अमेरिकी चित्रपट १९५५ सालचा; नेल्सन आल्ग्रेनच्या १९४९ मधील कादंबरीवर बेतलेला. हॉलिवूडच्या तत्कालीन निर्मिती संहितेत अमली पदार्थांच्या व्यसनाचे चित्रण निषिद्ध होते, त्यामुळे त्याला मान्यतेचा शिक्का मिळाला नाही. युनायटेड आर्टिस्ट्सने तो शिक्क्याविनाच प्रदर्शित केला आणि १९५६ मध्ये ती बंदी शिथिल झाली. चित्रपटाची नोंद बहुधा याच कारणाने होते. पटकथा लिहू पाहणाऱ्याने मात्र आधी त्याचा सुरुवातीचा भाग तपासावा.

फ्रँकी (फ्रँक सिनात्रा) शिकागोतल्या जुगाराच्या अड्ड्यावर पत्ते वाटणारा. केंटकीतील लेक्सिंग्टनच्या सरकारी इस्पितळात व्यसनावर उपचार घेऊन, तिथेच ड्रम वाजवायला शिकून तो परततो. अंगातले विष उतरले आहे, पुढचा बेत ठरला आहे. पण पाऊल पडते ते जुन्याच गल्लीत. मित्राने आणलेला सूट चोरीचा निघतो, पोलीस आत टाकतात, जामीन भरतो अड्ड्याचा मालक, आणि त्या उपकारापोटी फ्रँकी पुन्हा पत्ते पिसायला बसतो. घरी चाकाच्या खुर्चीत बायको, झॉश. ती चालू शकते, पण नवरा सोडून जाईल या धास्तीने ते लपवते. जवळच अमली पदार्थ विकणारा लुई माल घेऊन टपलेला. कुणी एकटा फ्रँकीला ढकलत नाही, म्हणूनच त्याची ‘स्लिप’, म्हणजे पुन्हा व्यसनाकडे घसरणे, पटते.

सुईच्या प्रसंगात दंडाला टाय आवळला जातो आणि कॅमेरा सुई सोडून सिनात्राच्या चेहऱ्याकडे, डोळ्यांकडे वळतो. कारण संकोचाचे असो वा कलेचे, निर्णय अचूक आहे. एल्मर बर्नस्टाइनचे गाजलेले जॅझ संगीत मात्र अशा जागी जरा जास्तच ओरडते.

जुनी मैत्रीण मॉली (किम नोव्हाक) हिच्या खोलीत फ्रँकी स्वतःला कोंडून घेतो तो प्रसंग सर्वांत प्रसिद्ध. गर्दुल्ले ज्याला ‘टर्की’ म्हणतात ते इथे दिसते: घाम, हुडहुडी, विनवण्या, आरडाओरडा. या भूमिकेसाठी सिनात्राला ऑस्करचे नामांकन मिळाले. अभिनय खराच, पण उपचार म्हणून हा प्रसंग जसाच्या तसा उचलू नये. हेरॉइन सुटल्यावरचा शारीरिक त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतो आणि आठवड्याभरात बराचसा ओसरतो. ओढ मात्र महिनोन्महिने राहते. शिवाय शरीराची सवय मोडलेली असल्याने पूर्वीचाच डोस नंतर जिवावर बेतू शकतो. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’सारख्या व्यसनमुक्ती केंद्रांत समुपदेशन, कुटुंबीयांशी संवाद आणि पाठपुरावा यांना इतके महत्त्व असते ते यामुळेच. पटकथेत व्यसन सुटल्यानंतरचा हा काळ रटाळ वाटतो आणि लेखक तो गाळतात. प्रेमिंजरनेही गाळला आहे.

शेवट त्यामुळेच सैल पडतो. लुई झॉशच्या हातून मरतो, बिंग फुटल्यावर झॉश उडी टाकते, आणि फ्रँकी मॉलीबरोबर चालू लागतो. अडचणीची माणसे आपोआप वाटेतून दूर! कादंबरीतला फ्रँकी गळफास घेतो. आल्ग्रेनला हे रूपांतर पसंत नव्हते, यात नवल नाही. अभ्यासाचा क्रम आधी चित्रपट, मग कादंबरी असा ठेवावा. उलट केल्यास शेवटाच्या रागात सुरुवातीची बांधणी नजरेतून निसटते.