घरातील राबत्याच्या जागा व त्यांची निगा

घर स्वच्छ ठेवणे म्हणजे घराचा केर काढणे, अशी आपल्यातील पुष्कळांची समजूत असते. ती खोटी नाही, परंतु अपुरी आहे. आणि तिच्या अपुरेपणाचे मोल बहुधा घरातील लहान मुलांस द्यावे लागते. ज्या ओटीवर पाहुणा बसतो ती दिवसातून दोनदा झाडली जाते. तसबिरींवरील धूळ सणासुदीला पुसली जाते. मात्र ज्या ठिकाणी घरातील प्रत्येकाचे हात, पाय व पाणी ही दिवसभर एकत्र येतात, त्या जागा नित्याच्या असल्यामुळेच कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. खेड्यातील साध्या घरात अशा जागा चार : पाण्याची जागा, चुलीभोवतीची जागा, मोरी आणि उंबरठा. चुलीऐवजी गॅसची शेगडी व सारवणाऐवजी शहाबादी फरशी आली, म्हणून यात काही फरक पडत नाही.

काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आम्ही एका कुटुंबाकडे दोन दिवस उतरलो होतो. घर टापटिपीचे होते, भांडी आरशासारखी लखलखीत होती. तरी धाकटे मूल त्या पावसाळ्यात तिसऱ्यांदा जुलाबाने आजारी पडले होते. त्याची आई म्हणाली, "विहिरीत औषध टाकतात, पाणी मी दुहेरी फडक्यातून गाळते. आणखी काय करू, सांगा." आम्हांस त्या वेळी उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बसलो असता आमची नजर सहज माठाकडे गेली. गोठ्यातून आलेल्या मुलाने तांब्या बुडवून पाणी घेतले. मोठ्या बहिणीने बाळाला धुऊन आणले व तोच तांब्या मनगटापर्यंत हात घालून पुन्हा भरला. मग शेजारीण आली, मग शाळेला निघालेली दोन मुले. न्याहारी होण्यापूर्वीच आमच्या दोन्ही हातांची बोटे मोजून संपली. विहिरीवरून चांगले आलेले पाणी घरात येऊन नासत होते.

सन १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू दाखविले. तेव्हापासून विहीर व तळे यांकडे सरकारचे आणि लोकांचेही लक्ष गेले, हे योग्यच झाले. परंतु विहिरीत टाकलेल्या औषधाचा जोर पाणी साठवून ठेविले की उतरत जातो, आणि नंतर जो हात आत जातो त्याची घाण मारण्यास पाण्यात काही उरत नाही. यावरील उपाय स्वस्त आहे. लांब दांड्याचे ओगराळे घ्यावे व ते माठाशेजारी भिंतीला खिळ्यावर टांगावे. जमिनीवर किंवा झाकणावर ठेवू नये. तोटीचा माठ मिळाल्यास त्याहून बरे. एक वृद्ध बाई आम्हांस म्हणाल्या होत्या, "पोरांची हात घालायची खोड काही जाईना, म्हणून मी पाणीच अरुंद तोंडाच्या कळशीत ठेवलं. आता वतूनच घ्यावं लागतं." आमच्या मते हा शहाणपणा पुष्कळ व्याख्यानांपेक्षा अधिक मोलाचा आहे.

वापरण्याच्या पाण्याचे रांजण व पिंप यांविषयी एक गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. डेंग्यूचा डास आपली अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या आतील अंगाला चिकटवितो. भांडे नुसते पालथे केले तर पाणी जाते, अंडी राहतात. ती कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात आणि पाणी भरताच त्यांतून अळ्या निघतात. अंड्याचा डास होण्यास उन्हाळी हवेत आठ-दहा दिवस पुरतात. यास्तव आठवड्यातून एक दिवस ठरवून भांडे रिकामे करावे, आतून काथ्याने खसखसा घासावे, कोरडे होऊ द्यावे, मगच भरावे व घट्ट झाकावे.

चुलीजवळ खरा अपराधी फडके असते. ज्या फडक्याने सांडलेले दूध पुसले, त्यानेच ताट व मुलाचे तोंडही पुसले जाते, आणि ते रात्रभर ओलेच कोपऱ्यात पडून राहते. ओल, ऊब व अन्नाचे कण मिळाल्यावर जंतूंस आणखी काय हवे? ताटाचे, ओट्याचे व जमिनीचे फडके निराळे असावे. ताटाचे व ओट्याचे रोज उकळून उन्हात वाळवावे. ऊन फुकट मिळते, पण त्याचा उपयोग आपण पापडांपुरताच करतो! हात धुण्याचा साबणही येथेच, हाताशी असावा. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय लागली तर जुलाबाचा आजार सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत दिसून आले आहे.

मोरीविषयी थोडेच सांगावयाचे आहे. तिचे पाणी बाहेर गेले म्हणजे काम झाले असे नव्हे; ते भिंतीमागे तुंबले तर तेथे हत्तीरोग पसरविणारे डास वाढतात. दगडगोट्यांनी भरलेला शोषखड्डा विहिरीपासून दूर खणावा, किंवा ते पाणी परसातील केळी व अळूकडे वळवावे.

राहिला उंबरठा. शेतातील चिखल, गोठ्यातील शेण व रस्त्यावरील थुंकी याच वाटेने पायांबरोबर घरात शिरते आणि रांगणारे मूल त्याच जमिनीवर हात टेकून मग ते तोंडात घालते. येथे आम्हांस पुरुषांशी दोन शब्द बोलावयाचे आहेत. घरातील बाईने दिवसातून तीनदा जमीन पुसावी आणि आपण प्रत्येक वेळी चपलांसह माजघरापर्यंत जावे, याला स्वच्छता म्हणत नाहीत. ही तिच्या श्रमाची उधळपट्टी आहे. दाराबाहेर पाय धुण्यास एक खडबडीत दगड, शेजारी पाण्याची बादली आणि वहाणांसाठी एक फळी, एवढी सोय एका सकाळीत होते. दगड जड असतो. तो पहिल्या पावसाआधी घरातील पुरुषांनीच आणून बसवावा, आणि रोज सायंकाळी बादली भरून ठेवण्याचे काम शाळेतून आलेल्या मुलांकडे द्यावे.