तक्ता नीट, तर अहवाल आपोआप

कापडाच्या धंद्यात माल, उधारी आणि कर या तिन्हींचा हिशेब आता संगणकावर आला आहे. तरीही महिनाअखेरीस अहवाल मागितला की मुनीमजी पुन्हा वही घेऊन बेरजा करीत बसतात. दोष यंत्राचा नसतो, तक्त्याच्या मांडणीचा असतो. आम्ही आमच्या दुकानात जी रीत पाळतो, ती व्यापारी बंधूंपुढे ठेवतो.

१) नोंदीचा तक्ता वेगळा, अहवालाचा वेगळा. नोंदीच्या तक्त्यात एका ओळीत बिलातील एकच बाब आणि एका रकान्यात एकच माहिती असावी. '१२ मीटर' असे एकाच घरात लिहिले की संगणक त्याला आकडा न समजता मजकूर समजतो आणि ते बेरजेत येत नाही. आकडा एका रकान्यात, मीटर की नग हे दुसऱ्यात लिहावे. मध्येच बेरजेची ओळ घालू नये, नाहीतर तीच रक्कम दुबार धरली जाते. 'सुती', 'सूती' आणि 'कॉटन' हे संगणकाच्या लेखी तीन निरनिराळे माल आहेत. म्हणून मालाची नावे, तसेच वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर या आठ तालुक्यांची नावे एका यादीत लिहावीत आणि तेथूनच निवडावीत.

२) कराचा दर सूत्रात कोंबू नये. तयार कपड्यांवर नगाला १००० रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यापुढे १२ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही मर्यादा २५०० रुपये झाली आणि त्यापुढे १८ टक्के दर आला. दरांचा छोटा तक्ता 'कोणत्या तारखेपासून' या रकान्यासह ठेवला, तर त्या एकाच महिन्यात दोन्ही दर आपापल्या बिलांना बरोबर लागतात आणि जुने अहवाल बिघडत नाहीत.

३) हंगामाचा रकाना हवाच. रमजान ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२४ ची ईद ११ एप्रिलला होती, २०२५ ची ३१ मार्चला. म्हणजे २०२४-२५ या एकाच आर्थिक वर्षात दोन ईद आल्या. एका रमजानचे शेवटचे दहा दिवस आणि दुसरा रमजान पूर्ण, अशी विक्री त्या वर्षात जमा झाली. नुसता वार्षिक आकडा पाहून 'धंदा वाढला' असे समजून जादा माल भरला, तर भांडवल गोदामात अडकते. प्रत्येक नोंदीपुढे 'ईद २०२४', 'लग्नसराई', 'दिवाळी' असे लिहिले तर ईदची तुलना ईदशी होते.

४) आलेख अहवालाच्या तक्त्यावरूनच काढावा, म्हणजे आकडा बदलला की आलेखही बदलतो. प्रत्येकाला क्रमांक, कालावधी आणि एकक द्यावे. 'वरील तक्ता' न लिहिता 'तक्ता ३' असे लिहावे. पान पुढेमागे झाले तरी वाचणारा चुकत नाही.

शेवटी एक पडताळा. अहवालाची एकूण रक्कम रोजमेळाशी पै न् पै जुळली पाहिजे. जुळली नाही, तर अहवालावर खाडाखोड न करता मूळ नोंद दुरुस्त करावी. यंत्र बेरीज करते, पण नोंदीतला खरेपणा आपल्यालाच सांभाळावा लागतो.