उतरलेलं वजन जातं कुठे?

प्रश्न : गेल्या आठ महिन्यांत माझं वजन ७४ किलोवरून ६५ वर आलं. औषध कुठलंच घेतलं नाही. जेवणात थोडे बदल केले आणि रोज चालायला लागले. परवा सातवीतल्या मुलानं विचारलं, "आई, तुझे ते नऊ किलो गेले कुठे?" घामातून गेले, जळून गेले, असं काहीतरी मी सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही आणि माझंही नाही. चरबी खरोखर जाते कुठे? घामावाटे, शौचावाटे, की तिची शक्ती होऊन ती नाहीशी होते?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचे नऊ किलो बहुतांशी श्वासावाटे गेले. ती सगळी चरबीच होती असं धरलं, तर त्यातले सुमारे साडेसात किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे हवेत मिसळले आणि उरलेल्या दीड किलोचं पाणी झालं. ते पाणी लघवी, घाम आणि श्वासातली वाफ या वाटांनी बाहेर पडलं.

हे उत्तर माहीत नसल्याचं वाईट वाटून घेऊ नका. ऑस्ट्रेलियातले रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राऊन यांनी हाच प्रश्न डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम शिकवणारे अशा दीडशे जणांना विचारला होता. बरोबर उत्तर फक्त तिघांना देता आलं. चरबीची शक्ती किंवा उष्णता होते, असं सांगणारे सर्वांत जास्त होते. या दोघांनी २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सगळा हिशेब मांडला. दहा किलो चरबी पूर्ण जाळायला शरीराला २९ किलो ऑक्सिजन आत घ्यावा लागतो आणि त्यातून २८ किलो कार्बन डायऑक्साइड व ११ किलो पाणी तयार होतं. यात ऑक्सिजनचं वजन बाजूला काढून चरबीतले अणू कुठे गेले ते पाहिलं, तर ८.४ किलो हवेत आणि १.६ किलो पाण्यात, असा वाटा निघतो.

"शक्ती होऊन संपते" हे उत्तर पटण्यासारखं वाटतं, पण रसायनशास्त्रात बसत नाही. चरबी म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि थोडा ऑक्सिजन. तिच्या रेणूतले बंध तुटून ऑक्सिजनशी नवे बंध जुळतात तेव्हा ऊर्जा मोकळी होते. तिच्यावर आपण चालतो, तिच्यामुळेच अंग गरम राहतं. पण अणू तेवढेच राहतात, त्यांना कुठून तरी बाहेर पडावंच लागतं. प्राण्याचा श्वासोच्छ्वास हे एक मंद ज्वलन आहे, हे फ्रान्सच्या लाव्हाझिएनं अठराव्या शतकातच दाखवलं होतं. लाप्लास या गणितज्ञाला सोबत घेऊन त्यानं बर्फानं वेढलेल्या भांड्यात गिनीपिग ठेवला, त्याच्या अंगच्या उष्णतेनं किती बर्फ वितळतो ते मोजलं आणि कोळसा जळतानाच्या उष्णतेशी ताडून पाहिलं. जेवण आणि श्वास यांचं नातं तिथून उलगडत गेलं.

शरीरात हे घडतं ते असं. दिवसभराच्या खर्चापेक्षा आपण कमी खाल्लं की शरीर साठ्याला हात घालतं. मेदपेशींतली चरबी फुटून मेदाम्लं रक्तात उतरतात. स्नायू, हृदय, यकृत ती उचलतात आणि जाळतात. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड रक्तातून फुफ्फुसांत येतो आणि उच्छ्वासाबरोबर निघून जातो. मेदपेशींची संख्या यात फारशी घटत नाही, त्या फक्त आकसतात. म्हणून परत जास्त खाऊ लागलो की त्या भरायला वेळ लागत नाही. कुठल्या जागेवरची चरबी आधी उतरेल हेही शरीरच ठरवतं. पोटाचे व्यायाम केले की पोटाचे स्नायू बळकट होतात, पण नेमकी पोटावरचीच चरबी जळते असं नाही.

एवढं कळलं की बाजारातल्या निम्म्या उपायांचा निकाल लागतो. पोटाला बांधायचे घाम काढणारे पट्टे पाणी आणि मीठ काढतात. दोन ग्लास पाणी प्यायलं की वजन जागेवर. रेचक चूर्णांनी आतडं रिकामं होतं, चरबी तिथे नसतेच. गरम पाण्यात मध-लिंबू घेऊन चरबी वितळत नाही. उलट मोठा चमचाभर मधातून साठेक कॅलरी पोटात जातात. आणि वजन श्वासावाटेच जातं तर भराभर श्वास सोडून ते लवकर उतरेल का? नाही. बसल्या बसल्या जोरात श्वास टाकले तर रक्तात आधीच असलेला कार्बन डायऑक्साइड तेवढा लवकर निघून जातो, नवा तयार होत नाही. बोटांना मुंग्या येतात, भोवळ येते. कपालभाती श्वसनाचा सराव म्हणून आवडत असेल तर जरूर करा, पण तिच्या भरवशावर चालणं सोडू नका. स्नायूंनी काम मागितलं की पेशी जास्त कार्बन जाळतात आणि मग श्वास आपोआप वाढतो. क्रम असा आहे, तो उलटा करता येत नाही.

आता तुमच्याच आठ महिन्यांचा हिशेब करू. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. नऊ किलोंच्या झाल्या ६९,३००. दोनशे चाळीस दिवसांत वाटल्या तर रोजच्या तीनशेच्या आत. हा आकडा मला फार दिलासा देणारा वाटतो, कारण तीनशे कॅलरींसाठी उपाशी राहावं लागत नाही. दिवसातून तीनदा दोन-दोन चमचे साखर घातलेला चहा पिणाऱ्या माणसानं ती साखर सोडली तर १२० कॅलरी वाचल्या. भाजी-आमटीच्या फोडणीतलं स्वतःच्या वाट्याचं दोन चहाचे चमचे तेल कमी झालं तर ९०. दोन किलोमीटर चालण्यात सत्तर किलोच्या माणसाच्या ऐंशी ते शंभर कॅलरी जातात. झाल्या तीनशेच्या आसपास.

अन्नातली ऊर्जा मोजायची रीत अमेरिकेतल्या विल्बर अ‍ॅटवॉटरनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवली. बंद खोलीत माणसांना काही दिवस ठेवून त्यांचं खाणं, श्वास आणि अंगाची उष्णता तो मोजत असे. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा प्रथिनं म्हणजे चार कॅलरी, एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ म्हणजे नऊ, हे त्याचे आकडे पाकिटांवर आजही छापले जातात. घरी प्रत्येक घास मोजायची गरज नाही. चार-पाच पदार्थांचा अंदाज असला तरी डोळे उघडतात. उपासाचंच बघा. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. साठ ग्रॅम साबुदाण्याच्या २१० कॅलरी, पंचवीस ग्रॅम दाण्याच्या कुटाच्या १४०, दोन चमचे तुपाच्या ९०. बटाटा धरायच्या आधीच खिचडीची एक बशी ४४० वर गेली. मोड आलेल्या मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, काकडीची कोशिंबीर आणि ताक एवढं जेवलं तर साधारण तितक्याच कॅलरींत प्रथिनं आणि चोथा दोन्ही मिळतात आणि भूक बराच वेळ लागत नाही. श्रद्धेनं केलेल्या उपासाला माझी हरकत नाही. वजनासाठी म्हणून कुणी करत असेल तर मात्र त्यानं खिचडीची बशी एकदा तराजूवर ठेवावी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात दिवसाच्या ऊर्जेतला धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंतच ठेवावा असं म्हटलंय. आपल्या अनेक घरांत पोळी-भाताचा वाटा याहून खूप मोठा असतो आणि वरण पातळ असतं. भात सोडायची गरज नाही. वरण दाट करा, उसळ वाढवा, भाजीला तोंडीलावणं समजू नका.

पहिल्या आठवड्यात वजन झपाट्यानं उतरतं, तेव्हा हुरळून जाऊ नये. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर आधी वापरली जाते आणि तिच्याबरोबर तिच्या तिप्पट पाणी जातं. नंतर काटा हलेनासा होतो तेव्हा खचूनही जाऊ नये. ६५ किलोचं शरीर ७४ किलोच्या शरीराइतका खर्च करत नाही. अति घाई केली तर शरीर आणखी हात आखडतं. अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या एका स्पर्धेतल्या चौदा जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं होतं. तरीही विश्रांतीतला त्यांचा रोजचा खर्च अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरींनी कमीच होता. तुमची महिन्याला किलोभराची चाल म्हणूनच मला शहाणपणाची वाटते. तिच्यात आठवड्यातून दोन दिवस बैठका, जोर, सूर्यनमस्कार असे ताकदीचे व्यायाम घाला, म्हणजे चरबीबरोबर स्नायू झिजणार नाहीत. कमी खाणाऱ्या पण हालचाल न करणाऱ्या बायकांचे स्नायू झिजतात, हे आपल्याकडे कुणी फारसं सांगत नाही.

आणि काट्याइतकंच महत्त्व टेपला द्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगातही चरबी दडलेली असू शकते, ती बहुधा पोटात, आणि मधुमेहाला तीच बोलावणं धाडते. भारतीय बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषाचा ९० च्या आत असावा.

शेवटी कळकळीची विनंती. तुमचं पाहून घरातलं, शेजारचं कुणी खाणं कमी करायला निघालं आणि त्यांना मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारायला सांगा. खाणं घटलं आणि औषध तेवढंच राहिलं तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, तसंच वाढत्या वयातल्या मुलांनी स्वतःच्या मनानं वजन उतरवायच्या मागे लागू नये. आणि काहीही न करता कुणाचं वजन भराभर उतरत असेल, तर त्याचं अभिनंदन करत बसू नका. लगेच तपासणी करून घ्या.